विश्रांती गट

७ जानेवारी

मायना काय घालावा ते सुचेना. 'चिरंजीव' लिहिलं तर तुला तो आगाऊपणा वाटेल, आणि तुझ्या बाबांसारखं 'ठकू' म्हणायचा मला हक्क नाही. तेव्हा सरळ विषयावरच येते. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकू नकोस. आतला मजकूर तुझ्या बाबांबद्दल आहे.

घाबरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगते. त्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा व्हायचं, ते तुला ठाऊक आहे. वाढदिवसाला तुझा फोन आला तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, 'आठवड्यात तीनदा सर्व्हिसिंगला जातो' म्हणून. नव्या वर्षापासून ते दोनदा केलंय. त्यांचं एकट्याचं नाही, बाहत्तरच्या पुढच्या सगळ्यांचं. यंत्रं कमी आणि माणसं जास्त, म्हणून ज्यांची वर्षं जास्त उरलीत त्यांना आधी, असा सरकारी नियम निघालाय. डायलिसिसच्या हॉलमध्ये मोठा फलक लावलाय. त्यावर एक आजी हसतायत आणि खाली लिहिलंय, 'थोडं थोडं, सर्वांना'. तुझे बाबा म्हणाले, "या आजींना अजून बाहत्तर लागलेलं दिसत नाही."

म्हणजे त्यांची थट्टामस्करी चालू आहे. जेवण जरा कमी झालंय. पाणी मोजूनच प्यावं लागतं, ते पूर्वीही होतंच, आता पेला आणखी लहान केलाय. आडवं पडलं की दम लागतो, म्हणून खुर्चीत झोपतात. खुर्ची चांगली आहे, हातांची, पाठीला उशी लावलीय. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. मी बोट दाबायचं सोडून दिलंय.

हॉलमध्ये मात्र चमत्कारिक वाटतं. सगळ्या म्हाताऱ्यांनी केस काळे केलेत. कुणी काठी घेऊन येत नाही, भिंत धरून येतात. खोकला आला तर दाबतात, कारण कोण टिपून घेत असेल सांगता येत नाही. बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर एक शिंपीणबाई असायच्या, शाल पांघरून. मागच्या आठवड्यात तिथं एक तरुण मुलगा बसला होता. मी सिस्टरला विचारलं, "बाई कुठं गेल्या?" ती म्हणाली, "विश्रांती गटात." आणि घाईघाईनं दुसरीकडे गेली.

विश्रांती गट म्हणजे काय, ते आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या मजल्यावर बँडमास्तर राहायचे. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती, ती नाकारली आणि त्यांना विश्रांती गटात घातलं. एक गोड बोलणारी बाई आली, मऊ उशी दिली, दुखलं तर घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "आता तुम्हाला दवाखान्याची दगदग नाही." मास्तरांनी तिला चहा दिला. महिनाही काढला नाही त्यांनी.

हे सगळं उगीच लिहिलं. तुला फक्त कळवायचं होतं. मी लिहिलंय हे बाबांना ठाऊक नाही.


१९ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं. तू चारच ओळी लिहिल्यास, पण लिहिल्यास. 'डॉक्टरांचं म्हणणं काय' असं विचारलंस. मोठे डॉक्टर आता भेटत नाहीत. यंत्रावर एक तरुण डॉक्टर असतात, त्यांना मी जिन्यात गाठलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जिन्याचं दार लोटून घेतलं.

म्हणाले, "रक्त पुरेसं साफ होत नाही, आजी. घाण साठली की डोक्यावर परिणाम होतो. डायलिसिसची तिसरी पाळी मिळाली तर उतरेल."

"मग द्या ना."

"ते गुणांवर असतं. पाहणीत गुण चांगले पडले तर मिळते."

"गुण कशावर?"

"चालणं, फिरणं, स्वतःचं स्वतः करणं. आणि डोकं किती साफ आहे त्यावर."

मी म्हटलं, "म्हणजे डोकं साफ असेल तर पाळी, आणि पाळी मिळाली तर डोकं साफ."

त्यांनी डोळे चोळले. मग म्हणाले, "मी नुसत्या सुया टोचतो, आजी." वाईट माणूस नाही तो. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्याच्या.

आता तुला खरं सांगायला हवं. मागच्या पत्रात मी जरा झाकून लिहिलं होतं. तुझ्या बाबांना अधूनमधून विसर पडतो. सकाळी बरे असतात. पाळीचा दिवस लांबला की गडबडतात. परवा चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधत होते. आता त्याला कुणीही हसेल, मीही हसले. पण मग त्यांनी मला हाक मारली ती तुझ्या आईच्या नावानं. मी ओ दिली. दुसरं काय करणार? त्यांना पाणी हवं होतं.

पाहणी पुढच्या महिन्यात आहे. घरी येतात, बघतात, प्रश्न विचारतात. आमची तयारी चाललीय. शर्टाची बटणं लावायची, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, जिना चढून उतरायचा, वार आणि महिना सांगायचा. मी पाहणीवाली होते आणि ते परीक्षार्थी. कालच्या तालमीत मी विचारलं, "आजोबा, तुम्ही काय काम करायचात?" तर म्हणाले, "लोकांना वर चढवायचो आणि खाली उतरवायचो. मधे अडकले तर सोडवायचो." लिफ्ट दुरुस्तीचं इतकं चांगलं वर्णन मी ऐकलं नव्हतं. आमची गाठ तशीच पडली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. एका कचेरीत मी पडदे लावायला गेले होते, गठ्ठ्यांसकट लिफ्टमध्ये अडकले आणि त्यांनी सोडवलं. तुझी आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तुला वाटतं तसं ती असतानाचं काही नव्हतं. ते असो, हे लिहायला मी बसले नव्हते.

माझी तब्येत विचारलीस, शिष्टाचार म्हणून असेल, तरी बरं वाटलं. माझं ठीक आहे. जिन्यात जरा थांबावं लागतं, ते या वयात चालायचंच. मी दवाखान्यात जात नाही. एकदा का नाव त्यांच्या यंत्रात शिरलं की मग ते पुसता येत नाही, असं बायका म्हणतात.


६ मार्च

पाहणी झाली. हे पत्र नीट वाच आणि वाचून झाल्यावर मगच काय ते ठरव.

पाहणीवाली तिशीतली असेल. बूट दाराबाहेर काढले, पंखा कमी करू का विचारलं. मला म्हणाली, "आजी, तुम्ही आत बसा. मधे बोलायचं नाही." मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. मधे पाळी हुकली होती, यंत्र बिघडलं म्हणून. सकाळपासूनच बाबांचे डोळे जड होते. मी दोनदा तोंड धुवायला लावलं, कोरा शर्ट घातला.

बटणं लावली. उठले. वार बरोबर सांगितला. माझा जीव भांड्यात पडला. मग ती म्हणाली, "पत्ता लिहा पाहू." त्यांनी लिहिला. मला दारातून दिसत नव्हतं, पण लिहायला फार वेळ लागला नाही, म्हणून मी खूश होते. ती म्हणाली, "हा इथला पत्ता नाही, आजोबा."

"हाच आहे."

"बरं. घरात कोण कोण असतं?"

"मी, बायको आणि ठकू."

"ठकू कुठंय?"

"शाळेत गेलीय. येईल एवढ्यात. पावसाचं चिन्ह आहे, छत्री घेऊन गेली नाही ती." आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी बाहेर आले. म्हटलं, "त्यांची पाळी हुकलीय, बाई. तीन पाळ्या होत्या तेव्हा असं काही नव्हतं. मागचं काढून बघा."

"मागचं बघता येत नाही. आजचं लिहायचं असतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

काल निरोप आला. विश्रांती गट. महिनाअखेरपर्यंत पाळ्या चालू राहतील, मग बंद. त्याच दुपारी ती उशीवाली बाई येऊन गेली. मी दार उघडलं नाही. कडी लावून आत उभी राहिले, श्वाससुद्धा घेतला नाही. ती उशी दाराशी ठेवून गेली. पांढरी आहे, चांगल्या कापसाची. मी ती माळ्यावर टाकली, बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून.

एक वाट आहे. मंडळापुढे दाद मागता येते. पण घरात काळजी घेणारं माणूस हवं, रक्ताचं आणि साठीच्या आतलं. मी म्हटलं, मी आहे की. मंडळाच्या कचेरीत खिडकीवरच्या मुलानं सांगितलं, "सत्तरीपुढच्या जोडीदाराची नोंद काळजी घेणारी म्हणून होत नाही. काळजी लागणारी म्हणून होते."

म्हणून लिहिते आहे. माझ्यासाठी येऊ नकोस, मी हवं तर तेवढे दिवस शेजारी जाऊन राहीन. त्यांनी मला बजावलं होतं, ठकूला कळवायचं नाही, तिच्या संसारात बिब्बा घालायचा नाही. मी त्यांचं ऐकलेलं नाही. मंडळ सव्वीस तारखेला बसतं.

मला भीती वाटते. दाराची घंटा वाजली की हातातलं भांडं पडतं.


२ एप्रिल

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. विमानतळावरून तू फोन केलास आणि मी उचलला तेव्हा दोघींनाही काय बोलायचं ते सुचलं नाही. म्हणून परत पत्र. मला पत्रात जमतं.

मंडळापुढे त्या टक्कलवाल्या साहेबांनी विचारलं, "आपण वडिलांबरोबर एका घरात राहता?" आणि तू म्हणालीस, "हो, राहते." मी फरशीकडे बघत बसले. माझ्या तोंडावरून त्यांना कळेल असं वाटत होतं. एवढं सरळ खोटं तुला बोलता येतं हे बाबांना कळलं तर आधी रागावतील आणि मग कौतुक करतील. तू आता नोकरीवर परतलीस, पोरांची परीक्षा आहे, ते मला कळतं. कुणी तुला 'राहा' म्हणू शकत नव्हतं.

विश्रांती गटातून नाव निघालं आणि तिसरी पाळीही सोमवारपासून सुरू झाली.

निघताना तू हॉलमध्ये आईच्या फोटोसमोर उभी होतीस. मी काढून टाकला असेल असं तुला वाटत होतं ना? तू विचारलं नाहीस, पण मला दिसलं. तो तिथंच असतो. मी पुसते त्याला, बाकीच्या सामानाबरोबर.

आता एक गोष्ट आहे. खिडकीवरच्या मुलानं सांगितलं की मंडळाची माणसं न कळवता येतात आणि नातलग खरंच राहतो का ते बघतात. तू विसरून गेलेला निळा गाऊन आणि दोन कुर्ते मी ठेवून घेतलेत. दिवसाआड भिजवते आणि बाल्कनीत वाळत घालते. बेसिनपाशी नवा ब्रश ठेवलाय, तोही रोज ओला करते. दारात तुझ्या मापाच्या चपला. शेजारीण म्हणाली, "मुलगी दिसत नाही कधी?" मी म्हटलं, "कामावर लवकर जाते." म्हणजे आता शेजारणीशीही खोटं. जिन्यात पावलं वाजली की मी आधी बाल्कनीकडे धावते, कपडे ओले आहेत ना ते बघायला. मग दारात येऊन उभी राहते, आणि पावलं वरच्या मजल्यावर निघून जातात.


२१ मे

तुला समज देणारं सरकारी पत्र येईल. घाबरू नकोस, त्यापुढे काही होणार नाही असं पाहणीवाली म्हणाली. कसं झालं ते सांगते.

तीन पाळ्या सुरू झाल्यापासून तुझे बाबा हळूहळू वर आले. आधी पायांची सूज उतरली. मग पलंगावर झोपायला लागले. मग एके दिवशी दाढी करता करता म्हणाले, "बाईसाहेब, आपण गेल्या महिन्यात कुठं होतो?" मी म्हटलं, "इथंच." ते म्हणाले, "तुम्ही असाल."

मागच्या मंगळवारी घंटा वाजली. तीच पाहणीवाली. "मुलगी आहे घरात?" मी म्हटलं, "बाजारात गेलीय."

"मग थांबते मी." आणि बसली. बाल्कनीत तुझ्या गाऊनचं पाणी टपटपत होतं. मी पाणी दिलं, चहा टाकला. चहा पिऊन झाला. ती घड्याळ बघत नव्हती, मीच बघत होते. बाजारातून यायला माणसाला किती वेळ लागावा? मी म्हटलं, "गर्दी असेल." ती म्हणाली, "असेल."

बाबा आतून आले. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"बाई, माझी मुलगी इथं राहत नाही."

मी कपबशी तशीच ठेवून पुढे झाले. मी म्हटलं, "त्यांना विसर पडतो हो—" त्यांनी हात वर केला.

"ती फार लांब राहते. मंडळापुढे खोटं बोलली ती माझ्यासाठी. हे कपडे आमच्या बाईसाहेब भिजवतात. त्यांना वाटतं मला कळत नाही." मग म्हणाले, "आमच्या धंद्यात तपासनीस यायचा, बाई. लोक झिजलेल्या दोरावर रंग मारून ठेवायचे. मी कधी मारला नाही. आता म्हातारपणी मारायचा, तोही पोरीच्या हातून, हे मला जमणार नाही."

 मला वाटलं, संपलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. इतका राग मला नवऱ्याचा कधी आला नव्हता.

"पण आलाच आहात," ते म्हणाले, "तर मागच्या वेळचे प्रश्न परत विचारा."

"तसा नियम नाही, आजोबा."

"मनाई आहे का?"

तिनं थोडा विचार केला आणि विचारले. वार, महिना, बटणं, उठणं. पत्ता त्यांनी झरझर लिहिला, मजला आणि दाराच्या क्रमांकासकट. मग त्यांनीच तिला विचारलं, "मागच्या वेळी मी काय लिहिलं होतं?"

"दुसऱ्या घराचा पत्ता."

"तिथं माझी पहिली बायको गेली. डोक्यात घाण साठली की मी तिथं जातो. साफ झाली की इथं येतो. यात माझी हुशारी काही नाही, त्या यंत्राची आहे."

मग ती माझ्याकडे वळली. "तिसऱ्या पाळीनं एवढा फरक पडला?"

मी म्हटलं, "तुम्हीच दोन्ही वेळा बघितलंत. दुसरं कुणी बघितलेलं नाही."

बराच वेळ लिहीत होती. उठताना म्हणाली, "हे वर पाठवते. वर काय करतील ते मला सांगता यायचं नाही. मुलीचं मात्र लिहावंच लागलं."

काल उत्तर आलं. पुढच्या पाहणीपर्यंत तीन पाळ्या चालू. पुढची पाहणी कधी, ते लिहिलेलं नाही. तुझ्या बाबांनी तुझे कपडे स्वतः इस्त्री करून कपाटात ठेवले. म्हणाले, "ठकू येईल तेव्हा घालेल." तुझ्याशी त्यांना बोलायचंय. रविवारी फोन लावणार आहेत, उचल.

आता उरलंय ते सांगते. सांगायचं नव्हतं.

पाहणीवालीला पोचवायला मी जिन्यापर्यंत गेले. खरं तर तिचे आभार मानायचे होते, म्हणून अर्धा मजला बरोबर उतरले. वळणावर मला थांबावं लागलं. कठडा धरला. डावा हात खांद्यापासून जड झाला होता आणि घाम सुटला होता. ती दोन पायऱ्या खाली होती, तिनं मागे वळून पाहिलं.

"आजी, दम लागतो का तुम्हाला?"

"छे. गुडघा धरतो."

"तपासून घेतलंत कधी?"

"गुडघ्याला काय तपासायचं?"

ती बघत राहिली. मघाशी याच डोळ्यांनी बाबांकडे बघत होती. "वय काय तुमचं?"

"एकाहत्तर," मी म्हटलं.

ती 'बरं' म्हणाली आणि उतरायला लागली. मी कठडा धरून तिची पावलं ऐकत होते. खालच्या मजल्यावर, बँडमास्तरांच्या दाराशी, ती थांबली. लिहीत होती की नुसती उभी होती, मला सांगता यायचं नाही. मग पुन्हा पावलं वाजली आणि खालचं दार लागलं.

मला चौऱ्याहत्तर पूर्ण झालीत. छातीत हिवाळ्यापासून दुखतं. मी गेले तर त्यांना पाळीला कोण नेईल, हे मी रोज मनात घोळवते आणि उत्तर सापडत नाही. तुझ्या बाबांना यातलं काही बोललेले नाही, तूही रविवारी बोलू नकोस. पण कुणाला तरी ठाऊक असावं असं वाटलं, म्हणून तुला लिहिलं.